भुंकणारा कुत्रा, शेजाऱ्याची तक्रार आणि धम्माचा व्यवहार

स्मरणिकेत चार आर्यसत्यांवर, प्रतीत्यसमुत्पादावर, परमपूज्य बाबासाहेबांच्या चरित्रावर लेख असावेत हे योग्यच आहे. त्यात कुत्र्याच्या भुंकण्यावर पाठ कशासाठी, असे काही उपासक-उपासिकांना वाटेल व थोडे हसूही येईल. परंतु वसाहतीत राहणाऱ्या कोणत्याही मंडळाच्या कार्यकारिणीला विचारून पाहावे. मंडळाकडे येणारे तंटे तत्त्वज्ञानाचे नसतात. ते नळाच्या पाण्याचे, गटाराचे, जिन्यात ठेवलेल्या सायकलीचे आणि अलीकडे वाढत्या प्रमाणात पाळलेल्या कुत्र्याचे असतात. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' (१९५७) या ग्रंथात बाबासाहेबांनी धम्म हा सामाजिक आहे असे स्पष्ट केले आहे. एकट्या माणसाला त्याची गरज नसेल. पण दोन माणसांचा एकमेकांशी संबंध आला की त्यांना धम्मावाचून चालणार नाही. दोन खोल्यांच्या मधली सामायिक भिंत ही धम्माची जागा आहे, हे एकदा मान्य केले की आमचा विषय क्षुल्लक राहत नाही.

प्रथम तक्रार करणाऱ्याची बाजू घेऊ. 'मुका जीव आहे, भुंकणारच, सहन करा' असे सांगून त्याला परत पाठविण्याची पद्धत आहे, ती आम्हांला मान्य नाही. आवाजाचा त्रास हा खरा त्रास आहे आणि भगवान बुद्धांनी तो खरा मानला होता. अंगुत्तर निकायातील कंटक सुत्तात वैशालीची हकीकत येते. भगवान महावनातील कूटागारशाळेत असताना लिच्छवी लोक रथांचा मोठा गोंगाट करीत दर्शनाला येऊ लागले. काही ज्येष्ठ भिक्षू तो आवाज टाळण्यासाठी गोसिंग शालवनात निघून गेले. भगवंतांना हे कळले तेव्हा त्यांनी त्या भिक्षूंना दोष दिला नाही. त्यांनी दहा कंटक सांगितले, आणि त्यांत प्रथम ध्यानाला आवाज हा काटा आहे असे सांगितले. मज्झिम निकायातील चातुमा सुत्तात तर सारिपुत्त व मोग्गल्लान यांच्याबरोबर आलेल्या पाचशे भिक्षूंनी आल्या आल्या एवढा कलकलाट केला की, कोळी मासे ओढताना ओरडतात तसे हे कोण ओरडत आहेत, असे भगवंतांनी विचारले व त्यांना निघून जाण्यास सांगितले. पुढे शाक्यांनी विनंती केली तेव्हा त्यांना परत बोलाविण्यात आले. तेव्हा बारावीची मुलगी अभ्यासाला बसली आहे, शेजारच्या घरी तिसऱ्या पाळीहून आलेला कामगार दुपारी झोपला आहे आणि भिंतीपलीकडे दोन तास कुत्रा भुंकतो आहे, या स्थितीत मुलीने वा कामगाराने तक्रार केली तर ती सहनशीलतेचा अभाव म्हणून झटकता येणार नाही. आपल्या कित्येक कुटुंबांत शिकणारी ही पहिली किंवा दुसरी पिढी आहे. तिचा शांत तास हिरावला जाणे ही लहान गोष्ट नाही.

(कंसात एक गोष्ट बोलून टाकतो. चौदा एप्रिलच्या आधी आठवडाभर रात्री उशिरापर्यंत भिंती हादरविणारे आवाज आपण लावतो आणि मे महिन्यात शेजाऱ्याच्या कुत्र्याविरुद्ध अर्ज करतो. दोन्हीकडे एकच माप लावण्याची तयारी असली पाहिजे.)

आता दुसरी बाजू. कुत्रा पाळणाराही आपलाच शेजारी असतो. पुष्कळदा तो एकटा असतो. मुले नोकरीसाठी परगावी गेलेली असतात, किंवा पती वारलेले असतात आणि घरात बोलायला तो कुत्राच असतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे आपण घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी तेरावी प्रतिज्ञा प्राणिमात्रांवर दया करण्याची व त्यांचे लालनपालन करण्याची आहे. मैत्री ही केवळ माणसांपुरती नसून सर्व सजीवांपर्यंत पोहोचते, असे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये आवर्जून लिहिले आहे. आपण कुत्र्याला कोणा देवाच्या पायाशी बसलेला म्हणून मान देत नाही, आणि अपवित्र म्हणून हाकलतही नाही. तो सुखदुःख जाणणारा जीव आहे, एवढे कारण आपल्याला पुरेसे आहे.

येथे आपल्या वडीलधाऱ्या मंडळींच्या मनातील एक सल लक्षात घेतला पाहिजे. कुत्र्याच्या हक्काची गोष्ट निघाली की एखादे आजोबा म्हणतात, "कुत्र्या-मांजरांना तळ्याचे पाणी होते, ते आम्हांला नव्हते." २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर बाबासाहेबांना का जावे लागले, हे ज्याला ठाऊक आहे त्याने हे बोलणे हसण्यावारी नेऊ नये. जनावराला माणसापेक्षा वर बसविणाऱ्या समाजाचा अनुभव त्या वाक्यात आहे. मात्र तो अन्याय कुत्र्याने केलेला नव्हता, माणसांनी केलेला होता. आजोबांना हे शांतपणे सांगितले तर ते ऐकतात, असा आमचा अनुभव आहे. त्यांना 'मागासलेले' म्हणून गप्प बसविले तर मात्र ते कायमचे दुरावतात.

तक्रार आल्यावर मंडळाने काय करावे याचा सर्वांत चांगला धडा जातककथांत आहे. कथेचे नावच कुक्कुर जातक असे आहे. वाराणसीचा राजा ब्रह्मदत्त एके दिवशी रथातून उद्यानात गेला व उशिरा परतला. रथाचे चामड्याचे साज रात्री अंगणातच राहिले. पाऊस पडला, चामडे भिजून मऊ झाले व राजवाड्यातील पाळीव कुत्र्यांनी ते खाऊन टाकले. सकाळी सेवकांनी राजाला सांगितले की, बाहेरची कुत्री मोरीच्या वाटेने आत आली व त्यांनी साज खाल्ले. राजा संतापला आणि दिसेल त्या कुत्र्याला मारण्याची आज्ञा त्याने दिली. नगरात कुत्र्यांचा संहार सुरू झाला. उरलेली कुत्री स्मशानात राहणाऱ्या आपल्या नायकाकडे धावली. हा नायक म्हणजे बोधिसत्त्व. त्याने विचार केला, राजवाड्यावर कडक पहारा असताना बाहेरचे कुत्रे आत जाणार कसे? हे काम आतल्यांचेच असले पाहिजे. तो सरळ राजसभेत गेला आणि त्याने राजाला प्रश्न विचारले. साज कोणी खाल्ले हे तुम्हांला ठाऊक आहे काय? राजाला ठाऊक नव्हते. सर्व कुत्र्यांना मारण्याची आज्ञा आहे की काहींना सूट आहे? राजवाड्यातील जातिवंत कुत्र्यांना सूट होती. मग हा न्याय नव्हे, दुर्बळांचा वध आहे, असे बोधिसत्त्वाने राजाला सांगितले. त्याने ताक व दर्भ मागवून ते राजवाड्यातील कुत्र्यांना पाजण्यास सांगितले. त्यांनी ओकारी केली आणि चामड्याचे तुकडे बाहेर पडले.

या कथेकडे लहान मुलांची गोष्ट म्हणून पाहू नये. यात तक्रार खरी आहे. साज खरोखरच नष्ट झालेले आहेत. चूक झाली ती चौकशीच्या आधी शिक्षा ठरविण्यात आणि आपल्या घरच्यांना वेगळे माप लावण्यात. बोधिसत्त्वाने केवळ दयेची याचना केली नाही, पुरावा दाखविला. राजा ज्या मार्गाने गेला त्याला कथेत अगतिगमन म्हटले आहे. अगती चार आहेत : छंद, दोष, मोह व भय. सिगालोवाद सुत्तातही गृहस्थाला याच चार सांगितल्या आहेत. आपल्या वसाहतीच्या भाषेत सांगावयाचे तर, कुत्रा सचिवांच्या मेहुण्याचा आहे म्हणून अर्ज दाबून ठेवणे हा छंद. मागच्या निवडणुकीत विरोधात गेला म्हणून त्याच्या कुत्र्याचा ठराव तातडीने घेणे हा दोष, म्हणजे द्वेष. कुत्रा का भुंकतो याची काडीचीही माहिती नसताना उपाय सुचविणे हा मोह. आणि मालक वजनदार आहे म्हणून गप्प राहणे हे भय. मिश्र वस्तीच्या इमारतीत नव्याने राहावयास गेलेल्या आपल्या काही कुटुंबांना असा अनुभव येतो की, तीन मजल्यांवर चार कुत्री असताना नोटीस मात्र त्यांच्याच दारावर लागते. त्यांनी ही कथा अवश्य वाचावी. माझ्या कुत्र्याला सूट द्या असे न म्हणता, सर्वांना एकच नियम लावा, आम्ही तो पाळतो, असे त्यांनी लेखी म्हणावे.

आता कुत्रा भुंकतो का? हेतूवाचून काही घडत नाही, हे आपण प्रतीत्यसमुत्पादात शिकतो. ते येथेही लागू आहे. भुंकणे ही कुत्र्याची भाषा आहे व त्याची कारणे वेगवेगळी असतात. जिन्यात पाऊल वाजले की भुंकणारा कुत्रा घर राखतो आहे. मालक बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात सुरू होऊन रडव्या सुरात तासभर भुंकणारा कुत्रा एकटेपणाने घाबरलेला आहे. गॅलरीत आखूड साखळीने बांधलेला कुत्रा दिवसभर रस्ता पाहतो, पण तिथे जाऊ शकत नाही. त्याचे भुंकणे कोंडमाऱ्याचे आहे. म्हातारा कुत्रा रात्री उगाच भुंकू लागला तर त्याला कमी ऐकू येत असेल, भ्रम होत असेल किंवा कोठे दुखत असेल. माणसाला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, तर कुत्र्याला त्याच्या दुपटीहून अधिक, सुमारे ४५,००० पर्यंतचा. म्हणून आपल्याला जेथे शांतता वाटते तेथे त्याला काही ऐकू येत असते.

कारण वेगळे म्हणजे उपायही वेगळा. ओरडून गप्प करणे हा उपाय नव्हे. कुत्र्याला वाटते, मालकही आपल्याबरोबर भुंकत आहे. मारल्याने भीती वाढते आणि भीतीने भुंकणे वाढते. दिवसभर तोंडाला जाळी बांधून ठेवणे तर धोक्याचे, कारण कुत्रा धापा टाकूनच अंगातील उष्णता बाहेर टाकतो. लक्ष वेधण्यासाठी भुंकणाऱ्या कुत्र्याला प्रत्येक वेळी बिस्किट देऊन शांत केले, तर भुंकले की बिस्किट मिळते एवढेच तो शिकतो. ते बंद केले की पहिले काही दिवस तो पूर्वीपेक्षा जास्त भुंकतो, मग हळूहळू कमी होते. ही गोष्ट मालकाने शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवावी, नाहीतर ऐन वाढीच्या दिवसांत दुसरा अर्ज येतो आणि सारा प्रयत्न मध्येच सुटतो.

आमच्या पाहण्यातील एक प्रकरण येथे देतो. दुसऱ्या मजल्यावरील एका कुटुंबातील पती-पत्नी दोघेही कामावर जात. कुत्रा गॅलरीत बांधलेला असे. खालच्या व शेजारच्या घरांनी मिळून अर्ज दिला की, कुत्रा 'रात्रंदिवस' भुंकतो, तो आठ दिवसांत काढून टाकावा. अर्जावर सह्या सात होत्या. विचारल्यावर त्यांपैकी दोघांनी शेजारधर्म म्हणून सही केल्याचे सांगितले. कार्यकारिणीने ठराव घेतला नाही. एक साधी वही घेतली व तीन घरांना, त्यांत मालकाचे एक, आठवडाभर नोंद ठेवावयास सांगितले : भुंकणे केव्हा सुरू झाले, केव्हा थांबले, त्या वेळी काय चालले होते. वहीतून निघाले ते असे. पहाटे साडेपाचला दूधवाला आला की पाच मिनिटे. सकाळी दहाला घर बंद झाल्यावर जवळजवळ दीड तास. दुपारी पुन्हा थोडे. आणि रात्री एक-दीडला जो मोठा गोंगाट होई तो या कुत्र्याचा नव्हताच. कोपऱ्यावर खरकटे टाकले जाई, तेथे जमणाऱ्या भटक्या कुत्र्यांचा तो होता. अर्जदारांची झोप मोडत होती हे खरे, पण अर्ध्या गुन्ह्याचा आरोपी वेगळा होता.

यानंतर मालक कुटुंबाने कुत्रा पशुवैद्याला दाखविला. त्याच्या कानात पू झाला होता, त्यावर औषध सुरू झाले. साखळी सोडून त्याला घरात ठेवले आणि गॅलरीच्या ग्रीलला खालून तरट बांधले, म्हणजे रस्ता दिसेनासा झाला. सकाळी कामावर जाण्याआधी अर्धा तास फिरविणे सुरू झाले, कारण दमलेला कुत्रा झोपतो. समोरच्या घरातील एक निवृत्त आजोबा दुपारी किल्ली घेऊन त्याच्याजवळ तासभर बसू लागले. दूधवाल्याला पिशवी खालीच अडकवावयास सांगितले. तीन आठवड्यांनी पुन्हा वही ठेवली. दीड तासाचे पंधरा-वीस मिनिटांवर आले. पूर्ण थांबले नाही. कुत्रा आहे तोपर्यंत पूर्ण थांबणारही नाही. अर्जदारांपैकी एक गृहस्थ शेवटपर्यंत समाधानी झाले नाहीत, हेही नमूद केले पाहिजे. कोपऱ्यावरील खरकट्याचा प्रश्न नगरपालिकेकडे गेला व त्याला अधिक वेळ लागला.

भटक्या कुत्र्यांचा विषय स्वतंत्र आहे, तरी दोन शब्द. त्यांच्या निर्बीजीकरणाचे व लसीकरणाचे नियम २००१ साली आले व २०२३ साली त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. खाऊ घालावयाचे तर ठरलेल्या जागी व ठरलेल्या वेळी, असे हे नवे नियम सांगतात; २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानेही वाटेल तेथे खाऊ घालण्यास मनाई केली. भूतान या बौद्ध देशात, विशेषतः थिम्फू शहरात, रात्रीच्या भुंकण्याने लोक व पाहुणे हैराण होत. तेथे २००९ पासून निर्बीजीकरणाची मोहीम चालली आणि २०२३ साली देशातील सर्व मोकाट कुत्र्यांचे निर्बीजीकरण पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. कुत्री न मारता प्रश्न हाताळता येतो, याचे हे उदाहरण विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

तक्रार कशी करावी, याविषयी विनयपिटकातील चुल्लवग्गात उपाली स्थविरांच्या प्रश्नाला भगवंतांनी दिलेले उत्तर जसेच्या तसे उपयोगी पडते. दुसऱ्याचा दोष दाखविणाऱ्याने पाच गोष्टी मनात धराव्यात : योग्य वेळी बोलेन, खरे तेच बोलेन, मृदू शब्दांत बोलेन, हिताचे बोलेन आणि मैत्रीच्या चित्ताने बोलेन. रात्री दोनला झोपमोड झाली असता दार ठोठावणे ही योग्य वेळ नव्हे. 'सदोदित भुंकतो' हे खरे नव्हे. 'मंगळवारी दुपारी बारा ते एक' हे खरे. 'कुत्रा सांभाळायची अक्कल नाही तर पाळता कशाला' यात मृदुता तर नाहीच, हितही नाही. पहिली तक्रार तोंडी असावी, कार्यकारिणीकडे जाण्याआधी असावी आणि शक्यतो एकट्याने जाऊन करावी. चौघे मिळून दारात उभे राहिले की तो मोर्चा होतो. गाठ पडत नसेल तर चिठ्ठी टाकावी. नमुन्यादाखल :

"ताई, सप्रेम जय भीम. माझ्या मुलीची बारावीची परीक्षा जवळ आली आहे. गेल्या आठवड्यात मंगळवारी व गुरुवारी दुपारी बारा ते एकच्या सुमारास आपला मोती बराच वेळ भुंकत होता. आपण कामावर असता, त्यामुळे आपल्याला हे कळले नसेल. रविवारी सकाळी मी घरी आहे, सवड असेल तर बोलू. मुलगी म्हणते, हवे तर संध्याकाळी ती त्याला खाली फिरवून आणील."

ज्याच्या हाती अशी चिठ्ठी पडते त्यानेही काही पथ्ये पाळावीत. 'तुमची मुले नाही का रडत' हे पहिले उत्तर तोंडावर येते, ते गिळावे. मालक घरी नसतानाच कुत्रा सर्वाधिक भुंकतो, म्हणून 'आमचा तर कधीच भुंकत नाही' हे त्याला प्रामाणिकपणे वाटत असते; शेजाऱ्याचे कान या बाबतीत अधिक विश्वासाचे. वेळ विचारून घ्यावी, काय करणार ते सांगावे, आपला फोन नंबर द्यावा. रेबीजची लस वेळेवर द्यावी व तिचे कार्ड जपून ठेवावे. महानगरपालिकेचा परवाना लागत असेल तेथे तो काढावा. कागद नीट असणाऱ्या माणसाशी शेजारी व अधिकारी दोघेही बऱ्या शब्दांत बोलतात.

खासगी बोलण्याने भागले नाही तर प्रकरण मंडळाकडे येते. तेथे संघाची परंपरा आपल्या मदतीला आहे. तंटे मिटविण्याचे सात अधिकरणसमथ विनयात सांगितले आहेत. त्यांतील पहिला संमुखविनय : निर्णय दोन्ही पक्षांच्या समक्ष, संघाच्या समक्ष, धम्म व विनयाला धरून. गैरहजर माणसाविरुद्ध पाठीमागे केलेले कर्म चालत नाही, असा दंडक भगवंतांनी घातला. म्हणून कुत्रा पाळणारी बाई कामावर असताना दुपारी सभा भरवून 'सर्वानुमते' ठराव करणे हा विनयभंग आहे, मग त्या ठरावाखाली कितीही सह्या असोत. बहुमताने निर्णय घेण्याची रीत, येभुय्यसिका, संघात होती. शलाका घेऊन मतदान होई, व शलाका गोळा करणारा भिक्षू छंद, दोष, मोह, भय या चारही अगतींपासून मुक्त असावा अशी अट होती. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी भिक्खू संघाच्या याच पद्धतींचा अभिमानाने उल्लेख केला होता. परंतु बाब क्षुल्लक असेल तेव्हा घेतलेले मतदान विनयाने अवैध मानले आहे, हे सहसा सांगितले जात नाही. कुत्र्याच्या प्रकरणात हात वर करून मते मोजू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. मत मोजले की वसाहतीत दोन तट पडतात आणि कुत्रा मेल्यावरही ते तट राहतात.

कायदाही येथे फार दूर नाही. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २६ फेब्रुवारी २०१५ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, सर्व सभासदांचे एकमत असले तरी सोसायटीला कुत्रे पाळण्यावर बंदी घालता येत नाही व केवळ भुंकणे हे बंदीचे कारण होत नाही. मात्र त्याच सूचनांत, विशेषतः रात्री, कुत्र्याला शांत ठेवण्याचा प्रयत्न मालकांनी केला पाहिजे असेही म्हटले आहे. पुष्कळ मालक पहिले वाक्य पाठ करतात आणि दुसरे विसरतात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे कुत्र्याला अवाजवी काळ आखूड किंवा जड साखळीने बांधून ठेवणे, तसेच सतत बांधलेल्या वा कोंडलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणे, हे गुन्हे आहेत. म्हणजे दिवसभर गॅलरीत बांधून भुंकावयास लावणारा मालक शेजाऱ्याचा जसा, तसा कुत्र्याचाही अपराधी ठरतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा असून रात्र म्हणजे दहा ते सहा; ही मर्यादा कुत्र्याचा विचार करून लिहिलेली नाही, पण शांततेची वेळ ठरविताना वसाहतीला तिचा आधार घेता येतो. संतापाच्या भरात कुत्र्याला विष घालण्याचे प्रकार घडतात. पंचशीलातील पहिल्या शीलाचा तो भंग तर आहेच, शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ प्रमाणे त्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पोलीस ठाण्याचा रस्ता सर्वांना माहीत आहे. तो शेवटचा असावा एवढेच आमचे म्हणणे. एकदा गुन्हा नोंदला गेला की जिन्यात भेटल्यावर 'जय भीम' म्हणणेही बंद होते.

काही घरांचे भांडण मात्र इतके जुने असते की, कुत्रा हे त्यातील केवळ शेवटचे प्रकरण असते. कोणी कोणाच्या दारात पाणी टाकले, कोणी लग्नाला बोलावले नाही, हे सारे उकरत बसले तर रात्र पुरत नाही. अशा वेळेसाठी सातवा उपाय आहे, तिणवत्थारक, म्हणजे गवताने झाकणे. जुन्या किरकोळ दोषांची छाननी केल्याने भांडण अधिकच चिघळणार असेल तर दोन्ही बाजूंच्या एकेका जाणत्या व्यक्तीने आपल्या बाजूचे दोष एकत्रितपणे कबूल करावेत व मागचे झाकून टाकावे. गंभीर अपराधाला हा उपाय नाही. पण पंधरा वर्षांच्या कुरबुरीला आहे, आणि आपल्या मंडळांनी तो फारसा वापरलेला नाही. कोसंबीच्या भिक्षूंचा प्रसिद्ध कलह अट्ठकथेनुसार शौचालयातील भांड्यात उरलेल्या पाण्यावरून सुरू झाला होता, आणि तो न मिटल्यामुळे भगवंत त्यांना सोडून पारिलेय्यक वनात निघून गेले.

वर्षावासातील अभ्यासवर्गासाठी या पाठावर तीन प्रश्न देत आहोत. कुक्कुर जातकातील राजाने प्रथम सेवकांना कोणता प्रश्न विचारावयास हवा होता? वर दिलेली चिठ्ठी चुल्लवग्गातील पाच गोष्टींपैकी कोणत्या पाळते, आणि एखादी सुटली आहे काय? तिसरा प्रश्न लेखी नाही. आपल्या जिन्यातील किंवा गल्लीतील एका भुंकणाऱ्या कुत्र्याची आठवडाभर वेळेसह नोंद ठेवावी, त्याच्या मालकाला विचारून, आणि ती वही पुढील पौर्णिमेच्या वर्गाला घेऊन यावी.